हातात काय आहे?

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे प्रा. भोईर सर दार उघडण्याआधी भिंगातून बघतात. मग साखळी लावून दार चार बोटं उघडतात आणि त्या फटीतून विचारतात, "हातात काय आहे?" हातात दूध, वीजबिल, सत्यनारायणाचा प्रसाद असं काही असेल तर साखळी निघते. पुस्तक असेल तर सर म्हणतात, "सर घरी नाहीत." हे ते स्वतःच्याच आवाजात, स्वतःचाच चेहरा फटीत ठेवून म्हणतात. आणि मग आपण कोण, असं विचारायची आजवर एकाही लेखकाची छाती झालेली नाही.

सर उल्हासनगरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. मी त्यांची विद्यार्थिनी. डोक्यावर मास्तर राहत असला की काय होतं, ते ज्याच्या डोक्यावर तो राहिला आहे त्यालाच कळेल. परीक्षेच्या दिवसांत वर नुसती खुर्ची सरकली तरी मी पुस्तक उघडून बसायचे. आता मी चाळिशीला आले, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळते, हाताखाली सहा माणसं आहेत. तरी जिन्यात सरांच्या चपला वाजल्या की मी ओढणी सारखी करते आणि उगाच मोबाइलमध्ये डोकं घालते.

सरांचं एक वाक्य उल्हासनगर ते बदलापूर प्रसिद्ध आहे. "सिद्ध करा." उत्तरपत्रिकेत "या कवितेत निसर्गाचे सुंदर वर्णन आले आहे" असं लिहिलं की समासात लाल शाईत हे दोन शब्द यायचे. पुढे ती सवय कॉलेजातून घरी आली. दूधवाला म्हणाला, साहेब, दुधात पाण्याचा थेंब नाही. सर म्हणाले, सिद्ध करा. तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगला दूध घालायचाच बंद झाला. उल्हासनगरला ज्या सिंधी दुकानदाराकडून सर पेन्सिली डझनाने घेत, तो त्यांना लांबून बघूनच म्हणायचा, "आओ साईं, आज किसका नंबर है?" सर गंभीरपणे सांगायचे, "कथासंग्रह आहे."

कारण सर नुसते मास्तर नव्हते, समीक्षक होते. आणि त्यांची समीक्षा म्हणजे पृष्ठक्रमांक. बाकीचे समीक्षक आशय, अभिव्यक्ती वगैरे बोलायचे. सर लिहायचे, 'पृष्ठ बेचाळीसवर लेखक झोपला. तो एकसष्टवर जागा झाला, पण तोवर वाचक उठून गेला होता.' लेखक चिडून पुस्तक उघडायचा, बेचाळीस ते एकसष्ट वाचायचा आणि गप्प बसायचा. कल्याणच्या एका कवीने सरांच्या परीक्षणानंतर कविता सोडून पोळीभाजी केंद्र काढलं. ते उत्तम चालतं, आणि पोळ्या खाणारे लोक सरांना दुवा देतात असं म्हणतात. क्वचित कुठे सर 'पृष्ठ नव्वद पुन्हा वाचावे' एवढंच लिहायचे, आणि तेवढ्यावर त्या माणसाचं आयुष्य मार्गी लागायचं.

एका प्राध्यापिकेने तर सरांच्या या 'पृष्ठनिष्ठ समीक्षापद्धती'वर पीएच.डी. केली. चारशे पानांचा प्रबंध. त्यात सरांच्या पद्धतीची सात तत्त्वं काढली होती. प्रबंध घरी आला त्या दिवशी सरांना खरोखरचा ताप भरला, आणि तोंडी परीक्षेला हजर राहायचं निमंत्रण आलं तेव्हा ते दोन दिवस बदलापूरला मेहुण्याकडे जाऊन राहिले. आम्हाला वाटलं, केवढा हा विनय.

सरांना न घाबरणारं एकच माणूस मला ठाऊक होतं, ते म्हणजे भोईर काकू. बदलापूरच्या पुढे, धरणाच्या वाटेवरच्या गावातल्या. शेतकऱ्याघरची मुलगी, सातवी झालेली. आम्ही विद्यार्थी सरांकडे गेलो की सर खुर्चीत, आम्ही सतरंजीवर, आणि काकू खाली भिंतीला टेकून गवार निवडत किंवा विळीवर भेंडी चिरत बसलेल्या असायच्या. आम्ही साहित्याबद्दल थरथरत काहीतरी बोलायचो, सर सिद्ध करा म्हणायचे, आणि काकू मध्येच विचारायच्या, जेवलीस का? सर त्यांना कधी गप्प बसवत नसत. भाजी निवडायला आत जा, असंही म्हणत नसत. तेव्हा याचं नवल वाटलं नाही, नवल वाटायला डोकं ठिकाणावर लागतं.

रोज संध्याकाळी आमच्या न्हाणीघराच्या वरच्या खिडकीतून सरांचा आवाज यायचा. मोठ्याने, सावकाश, कुठलंतरी पुस्तक वाचताना. आई म्हणायची, उद्याच्या तासाची तयारी करतात वाटतं. पुढे सर निवृत्त झाले तरी आवाज येतच राहिला. एकदा जिन्यात काकू भेटल्या, मोठ्या गाजलेल्या एका कादंबरीचं नाव मी कौतुकाने घेतलं, तर त्या पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "त्या हिरीचा तेवरा बरा हाय गो. बाकी नुसता बोलतंय." विहिरीचं तेवढं प्रकरण खरोखरच चांगलं होतं. काकूंना ते कसं ठाऊक, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. सकाळी छातीत दुखायला लागलं आणि दुपारी सगळं आटोपलं होतं. आई आठ दिवस वर डबा देत होती. पंधराव्या दिवशी सरांनी सुताराला बोलावून दाराला साखळी बसवली.

त्यानंतर सरांचं एकही परीक्षण छापून आलं नाही. साहित्यातले लोक म्हणू लागले, भोईर काहीतरी मोठं लिहितायत. या बातमीने तर सगळेच हादरले. पुस्तकं मात्र येतच राहिली. कुरिअरवाल्याला सर घरी नाहीत म्हणून भागेना, कारण तो लेखक नव्हता. तो पाकीट दारात टाकून जायचा. मोबाइलवर पीडीएफ यायच्या. कवितांच्या ग्रुपमधून सर बाहेर पडले की कोणीतरी फूल पाठवून त्यांना परत आत घ्यायचं. एकदा जिन्यात त्यांनी मला हळूच विचारलं, आपण वाचलं हे समोरच्याला कळू नये अशी काही सोय फोनमध्ये असते का? मी ती निळी खूण बंद करून दिली. तेव्हा त्यांनी माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं की मलाच संकोचल्यासारखं झालं.

आता माझं सांगते. मी कथा लिहिते. पंधरा वर्षांत अकरा. डोंबिवलीच्या एका प्रकाशकाने त्या छापायचं कबूल केलं, पानं मांडूनही दिली, पण एका अटीवर: भोईर सरांच्या चार ओळी सुरुवातीला हव्यात. सर तुमच्याच बिल्डिंगमधले ना मॅडम, मग काय अवघड आहे, असं म्हणून त्याने पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत मुदत दिली. चार ओळी आल्या तर पुस्तक, नाही तर त्याच्याकडे रांगेत दुसरे उभे होते.

मी रव्याच्या लाडवांच्या डब्याखाली कथांची प्रत लपवून वर गेले. हातात काय आहे? लाडू, सर. साखळी निघाली. डबा घेताना खालची प्रत सरांच्या बोटांना लागली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हे काय आहे?"

"कथा आहेत, सर."

"कोणाच्या?"

"माझ्या. प्रकाशकाला पुढच्या महिन्याच्या तीसपर्यंत तुमच्या चार ओळी हव्यात."

सर मला लहानपणापासून अगं-तुगं करत आलेले. पण त्या दिवशी ते म्हणाले, "ठेवा. बघतो तुमचं." ते 'तुमचं' ऐकून मी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत घरी आले.

पुढचे पाच आठवडे मी छताकडे बघून काढले. वर पावलं थांबली की वाटायचं, माझं वाचतायत. खुर्ची करकरली की वाटायचं, आवडलं नाही. काहीतरी बारीक पडल्याचा आवाज झाला की पेन्सिलच असणार. कंपनीत मी निळ्या रंगाच्या जागी हिरव्याची पिंपं पाठवली. आईने एकदा सुचवलं, विचार की सरळ. मी म्हटलं, तूच विचार. आई पौर्णिमेला विहारात सगळ्या बायकांसमोर भाषण करते, पण तिनेही मान हलवली आणि कुकर लावायला गेली.

अशात सर एका सकाळी आपणहून खाली आले. नुसत्या बनियनवर, दबक्या पावलांनी. बदलापूरच्या एका बिल्डरने कवितासंग्रह काढला होता आणि तो घेऊन त्याची दोन धिप्पाड माणसं वर उभी होती. भाई का बुक है, दो शब्द बोलने का प्रोग्राम में, असा निरोप होता. सर मागच्या दाराने गच्चीवर जाऊन दुसऱ्या जिन्याने आमच्या स्वयंपाकघरात उतरले होते, पण घाईत फटीतून घेतलेला तो संग्रह त्यांच्या हातातच राहिला होता. ते ओट्याजवळ स्टुलावर बसले. आई खाली बसून गवार निवडत होती. सर तिच्याकडे टक लावून बघत राहिले. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि आईच्या हातांवरची नजर न हलवता बिल्डरची कविता मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

आई बिचारी भेदरली. तिने गवार ताटात टाकली, पदर सावरला आणि प्रत्येक ओळीला 'छान आहे' म्हणू लागली. चार कविता झाल्या. चारही छान निघाल्या. सरांनी पुस्तक मिटलं, लांब सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "नाही. ह्या घाबरतायत." मग माणसं गेल्याची खात्री करून वर निघून गेले. त्या रात्री आम्ही मायलेकी जेवताना सरांच्या डोक्याबद्दल गंभीरपणे बोललो. बिल्डरच्या कार्यक्रमाला ते गेले नाहीत. आजारी असल्याचं कळवलं, आणि चार दिवस दिवेसुद्धा लावले नाहीत.

एकोणतीस तारखेला मी ठरवलं, आता भीती पुरे. पण नुसतं जाणार कशी? बाजारातून पाव किलो कोवळी गवार घेतली आणि वर गेले. हातात काय आहे? गवार, सर. साखळी निघायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

आत पुस्तकांच्या न फोडलेल्या पाकिटांची रास खिडकीच्या निम्म्यापर्यंत आली होती. माझी प्रत वेगळी, सरांच्या खुर्चीच्या हातावर होती. तिच्याभोवती मी गुंडाळलेली कागदी पट्टी जशीच्या तशी होती. म्हणजे ती उघडलेलीच नव्हती. पाच आठवडे मी ज्या आवाजांना घाबरले, ते नुसतेच आवाज होते. मला राग आला, आणि राग आला की मी बोलते.

"सर, उद्या तीस तारीख आहे. वाईट असेल तर वाईट लिहा. पण उघडून तरी बघायचं."

काकू बसायच्या त्या जागी, भिंतीला टेकून एक ताट होतं आणि त्यात कालची अर्धवट निवडलेली गवार सुकून गेली होती. सर त्या ताटाकडे बघत होते.

"उघडायला भीती वाटते," ते म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही. मी उभीच राहिले. मग सरांनी सांगितलं ते असं. लग्नानंतर ते तासिकेवर शिकवत होते, दिवसभर तीन कॉलेजं करून यायचे. पहिलं परीक्षण लिहायचं होतं आणि पुस्तक चांगलं की वाईट हेच कळेना. म्हणजे कळत सगळं होतं. कुठल्याही वाक्याच्या दोन्ही बाजूंनी तासभर बोलता येत होतं, तोच तर धंदा. पण चांगलं कुठे आहे, ते सापडत नव्हतं. म्हणून मोठ्याने वाचून बघायला घेतलं. समोर काकू गवार निवडत होत्या. वाचता वाचता सरांच्या लक्षात आलं की एका पानावर काकूंना डुलकी लागली. त्यांनी पेन्सिलीने खूण केली. वीस पानांनी काकू दचकून जाग्या झाल्या, तिथे दुसरी. आणि पुढे एका ठिकाणी त्यांचा हात थांबला. शेंग बोटात तशीच, आणि त्या म्हणाल्या, तेवरा परत वाचा.

पृष्ठनिष्ठ समीक्षापद्धती ती हीच. सात तत्त्वं वगैरे सगळी त्या ताटात होती.

"तिला मी कधी सांगितलं नाही," सर म्हणाले. "सांगितलं असतं तर ती विचार करून हात थांबवायला लागली असती. आणि लोकांना कसं सांगणार? एकतीस वर्षं मुलांना सिद्ध करा म्हणत आलो. आता ती नाही. रोज गवार आणतो, एखादं पाकीट फोडतो, इथे बसून मनात वाचतो. एकाही पानावर हात थांबत नाही. पुस्तकं वाईट आहेत की माझा हातच मेलाय, हे कसं सिद्ध करू? आणि तुझ्या कथांवरही थांबला नाही, तर तुला जिन्यात तोंड कसं दाखवू?"

ते मला पुन्हा 'तू' म्हणाले होते. ज्या माणसाला मी वीस वर्षं घाबरत होते, तो पाच आठवडे मला घाबरून वर बसला होता. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही.

मी ताटातली सुकी गवार बाजूला काढली आणि नवी ओतली. म्हटलं, मनात वाचून कसं चालेल, काकूंना कोणीतरी वाचून दाखवत होतं ना? तुम्ही काकूंच्या जागी बसा. मी वाचते.

सर खाली बसले. मी त्यांच्या खुर्चीत. त्या खुर्चीत बसायची भीती वेगळीच होती, तिथून खालच्या माणसाचे हात स्पष्ट दिसतात. मी पहिली कथा सुरू केली. टक, टक, शेंगांची डेखं मोडत होती. पहिली कथा संपली, हात चालूच. दुसरी कथा मला स्वतःला फार आवडते. तिच्या दुसऱ्याच पानावर सरांनी मोठी जांभई दिली आणि पुढे तर मान छातीवर टेकली. मी तिथे पेन्सिलीने एक खूण केली, आणि ते दचकून जागे झाले तिथे दुसरी. तिसरी झाली. ताटातली गवार निम्म्यावर आली होती, आणि मला वाटू लागलं, गवार संपेल आणि मी इथे उद्याच्या तीस तारखेसह बसून राहीन. वर मान करून बघायचंही मी सोडून दिलं.

चौथी कथा कारखान्यातल्या एका माणसाच्या बायकोची आहे. तो पहिल्या पाळीला जातो तो परत येत नाही. चार दिवसांनी एक सहकारी त्याचा डबा आणून देतो. बायको डबा उघडते. आत अर्धी भाकरी उरलेली असते. ती डबा घासायला मोरीत नेते, राख हातात घेते, मग राख टाकून देते आणि तिथेच खाली बसून ती वाळलेली अर्धी भाकरी खाते.

एवढं वाचलं आणि खोलीत काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. टक टक थांबली होती. मी पुढचं वाक्य वाचलं नाही. सरांच्या बोटांत शेंग तशीच होती. ते माझ्याकडे बघत नव्हते, पुस्तकाकडेही नाही. मग ते काकूंच्या भाषेत म्हणाले, "तेवरा परत वाचा."

मी परत वाचलं. मधेच मला रडू आलं, तरी वाचलं. नंतर खाली गेले तर आई दारातच उभी. म्हणाली, वरून पुन्हा वाचण्याचा आवाज येत होता गं, बरं वाटलं.

तीस तारखेला सकाळी सरांनी चार ओळींचं पाकीट आणून दिलं, मी ते लगेच डोंबिवलीला पोचवलं. प्रकाशकाचा दुपारीच फोन आला. मॅडम, सरांची तब्येत बरी आहे ना? शेवटची दोन वाक्यं गाळू का? मी म्हटलं, एक अक्षर हलवू नका. सरांना मात्र मी विचारलं होतं, की ती झोपेची नऊ पानं काढून टाकू का? सर घाबरून म्हणाले, नको, नको, ती काढली तर चोपन्न सरकेल. म्हणून माझ्या पुस्तकात मी नऊ पानं सर्वांसमक्ष झोपलेली आहे, आणि सुरुवातीला सरांच्या या चार ओळी आहेत:

'पृष्ठ अठरा ते सव्वीस लेखिका झोपलेली आहे. पृष्ठ चोपन्न पुन्हा वाचावे. माझ्या नावाने आजवर छापलेली सर्व परीक्षणे माझ्या पत्नीची आहेत. हे एवढे एकच माझे, कारण ऐकायला ती नव्हती.'